वाचकांचे प्रश्न : गायरानावर झाडं लावण्याआधी

मृगाच्या तोंडावर गायरान, गावाचा पडीक माळ आणि डोंगरउतारावरच्या लागवडीविषयी बरीच पत्रं येतात. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त ठिकाण दिलं आहे.

आमच्या ४० एकर गायरानावर तीन वर्षांत तीनदा रोपं लावली. खड्डेही तेच, रोपंही तीच. दर उन्हाळ्यात सगळं वाळून जातं. नेमकं काय चुकतंय? (माण, सातारा)

चौथ्यांदा लावण्याआधी मेलेली वीस रोपं उपटून बघा. कुठल्याही एका कोपऱ्यातली नकोत, माळ आडवा-उभा चालत जाऊन घ्या. बहुतेक उत्तर त्या वीस रोपांत सापडेल.

शेंडा कुरतडलेला आणि खाली दोन-तीन फुटवे आलेले दिसले, तर रोपाला शेळीने मारलं. फुटवा आला की तो पुन्हा खाल्ला जातो आणि चौथ्या-पाचव्या वेळी मुळातला साठा संपतो. खोडावर मातीचा पापुद्रा आणि आत पोकळ असेल तर वाळवी. ती बहुधा खड्ड्यात टाकलेल्या कच्च्या शेणखतामागे आलेली असते. आणि रोप हलकेच ओढल्यावर मुळांचा गठ्ठा पिशवीच्याच आकाराचा, लांबट डब्यासारखा हातात आला, तर मुळं पिशवीतल्या मातीबाहेर गेलीच नाहीत. त्याची कारणं तीन: रोप उशिरा लावलं, ते पिशवीत फार दिवस राहून मुळांचं वेटोळं झालं होतं, किंवा कठीण मुरमात खड्डा इतका लहान होता की मुळांना जायला जागाच नव्हती.

पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस असलेल्या भागात लागवड जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपावी लागते. आर्द्रा नीट बरसल्या आणि पुनर्वसूत लावलं, तर रोपाला पावसाचे अडीच-तीन महिने मिळतात. पंधरा ऑगस्टला फोटोसाठी लावलेल्या रोपाला त्याच्या जेमतेम निम्मे मिळतात. ओल बघायला पहार लागत नाही. खड्ड्याच्या तळातली मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि हातावर ओलावा राहिला, तर लावा. वरची चार बोटं ओली आणि खाली कोरडा मुरूम असेल, तर आणखी एका चांगल्या पावसाची वाट बघा.

एक शंका मात्र आहेच. तीनदा सगळंच जातंय म्हणजे गुरं मोकळी आहेत. तसं असेल तर यंदा रोपं आणूच नका. त्या पैशात दहा एकर बंद करा आणि एक पावसाळा काय उगवतं ते बघा. पळस, बोर, हिवर, धावडा यांची जुनी खोडं मातीखाली जिवंत असतात. दरवर्षी खाल्ली किंवा तोडली गेल्याने ती गुडघ्यापलीकडे वाढत नाहीत, म्हणून झुडपं वाटतात. चराई थांबली की त्यांना एका हंगामात जोरदार फुटवे येतात. दुसऱ्या वर्षी प्रत्येक बुंध्याला सरळ, जोमदार असे एक-दोन फुटवे ठेवून बाकीचे छाटायचे. त्याला ना खड्डा लागतो ना टँकर, कारण मूळ आधीच खोल गेलेलं असतं.

चराईबंदीचा विषय काढला की ग्रामसभेत भांडण होतं. शेळ्या-मेंढ्यावाले म्हणतात, आम्ही कुठे जायचं? (आष्टी, बीड)

त्यांचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर ठरावात नसेल तर ठराव टिकत नाही. ज्यांच्या घरी मळ्यातला चारा आहे त्यांचे हात चराईबंदीसाठी लगेच वर जातात. झळ मात्र चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला बसते. कुऱ्हाडबंदी-चराईबंदीचं नाव निघालं की हिवरे बाजारचा दाखला दिला जातो. तिथे बंदीच्या जोडीला कापणीची सोय होती, हे मात्र सांगायचं राहून जातं. गुरं सोडायची नाहीत, पण नाममात्र पैसे भरून विळ्याने गवत कापून न्यायचं, अशी ती पद्धत. बंदी आणि भारा यांची ती जोडी आहे.

आधी आकडे मांडा. देशी गाय दिवसाला साधारण ५ ते ६ किलो सुका चारा खाते, शेळी एक-सव्वा किलो. गायरानावर ३० गाई चार महिने अवलंबून असतील तर ३० × ६ × १२० म्हणजे २१,६०० किलो, साडेएकवीस टन चाऱ्याची सोय लावायची आहे. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवला की सभा भांडणावरून हिशेबावर येते.

सगळं गायरान एकदम कधीही बंद करू नये. तीन भाग करा. पहिला भाग तीन वर्षं बंद, उरलेले दोन खुले. तीन वर्षांनी झाडांचे शेंडे गाईच्या तोंडाच्या वर गेले की तो भाग गाईंसाठी उघडा आणि दुसरा बंद करा. शेळ्यांना आणखी दोन वर्षं थांबवावं लागतं, कारण शेळी मागच्या पायांवर उभी राहून फांदी वाकवते. कोणता भाग आधी बंद करायचा हे गुराख्यांनाच ठरवू द्या. पाणवठ्याची वाट कुठून जाते, दुपारी गुरं कुठल्या सावलीला बसतात आणि मेंढरांचे कळप कुठल्या महिन्यात येतात, हे त्यांना माहीत असतं. नकाशावर सोयीची वाटणारी पट्टी पाणवठ्याच्या वाटेवर निघाली, तर कुंपण आठवड्यात मोडतं. वाटेसाठी १५-२० फूट रुंद पट्टा मोकळा सोडा.

ठरावात एवढं तरी हवं: बंद भागाच्या चतुःसीमा, बंदीची मुदत (तारखेसह), गवत कापणी कधी सुरू होणार आणि घरटी किती भारे, भूमिहीनांना भारा फुकट की कमी दराने, राखणदार कोण आणि त्याचा पगार कुठून, मोडल्यास दंड किती आणि तो कोणाकडे जमा होणार. दंड सरपंचाच्या पुतण्याकडून पहिल्यांदा वसूल झाला की पुढे फारसा करावा लागत नाही. बैठक संध्याकाळी गुरं घरी आल्यावर घ्या. सकाळी अकराच्या ग्रामसभेला गुराखी माळावर असतो. तसंच, बंदीने आपल्या गावची गुरं शेजारच्या गावच्या गायरानावर जाणार असतील, तर त्या गावाशी आधी बोला.

सातबाऱ्यावर ‘सरकार – गायरान’ अशी नोंद आहे. लागवडीला परवानगी कोणाची? काही भागात अतिक्रमणही आहे. (मेहकर, बुलढाणा)

गायरानाची मालकी सरकारची, व्यवस्था ग्रामपंचायतीकडे. ग्रामसभेचा ठराव करा, सातबारा आणि गटाच्या नकाशासह तहसीलदारांना लेखी कळवा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड बसवून घ्या. मोजणीशिवाय चर खोदायला घेऊ नका. चर शेजारच्या खासगी गटात गेला तर पुढची तीन वर्षं वादात जातात. विदर्भात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असेल तर प्रकार वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ही जमीन वनच असल्याचं स्पष्ट केलं आहे, तिथे वनविभागाशिवाय कुदळ लावू नये.

अतिक्रमण सगळं एका मापाने मोजू नका. गायरानं मोकळी ठेवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल कडक आहे. तरी त्यातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनीचा अपवाद म्हणून उल्लेख आहे. महाराष्ट्रात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचं शासनाचं धोरण आहे, आणि मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांचे दावे वर्षानुवर्षं चालू आहेत. अशा शेतात रात्रीतून रोपं लावून ‘वृक्षारोपण झालं’ म्हणणं अन्याय आहेच, शिवाय ती रोपं जगतही नाहीत. वादातली जागा सोडून उरलेल्या क्षेत्रावर काम सुरू करा.

सलग समतल चर (उतारावर एका पातळीत खोदलेले, पाणी अडवणारे लांब चर) काढायचे आहेत. यंत्राने की हाताने? समपातळी कशी काढायची? (आटपाडी, सांगली)

समपातळीत चूक झाली तर चर न काढलेला बरा. एका बाजूला कललेला चर सगळं पाणी एका टोकाला नेतो, तिथे फुटतो आणि खाली घळ पडते.

दोन साधनं पुरतात. हायड्रोमार्कर म्हणजे दोन मोजपट्ट्या आणि त्यांना जोडलेली पाण्याची पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी आली की दोन्ही पाय एका पातळीत. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून सुरू करण्याआधी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून खात्री करा. दुसरं साधन ए-फ्रेम, जी गावात तासाभरात होते. सात-सात फुटांचे दोन बांबू वर एकत्र बांधा, पाय सहा फूट फाकवा, मधोमध आडवा बांबू बांधा आणि शेंड्यावरून दोरीला दगड लटकवा. आता ती तपासायची. दोन खुंट्यांवर पाय ठेवून आडव्या बांबूवर दोरी जिथे येते तिथे खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये खाच पाडा. दोरी खाचेवर आली की दोन्ही पाय समपातळीत. वारा असेल तर दगड जड घ्या.

काम माथ्याकडून पायथ्याकडे. खालून सुरुवात केली तर पहिल्याच वळवात वरचं पाणी खालचे चर भरून फोडतं. चर ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल घेतला तर एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी थांबतं. दोन चरांत १० मीटर अंतर ठेवलं की हेक्टरी हजार मीटर चर होतात, म्हणजे एका भरण्यात १ लाख ८० हजार लिटर. उतार वाढेल तसं अंतर कमी करा. माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाकायची आणि चराच्या काठापासून वीतभर जागा सोडायची, नाहीतर पहिल्या पावसात तीच माती चरात परत येते. दर १०-१५ मीटरला दीड-दोन फूट न खोदता सोडा. कुठे एखादी चूक झालीच तर नुकसान तेवढ्याच तुकड्यापुरतं राहतं.

हेक्टरी १८० घनमीटर खोदाई आहे. कठीण मुरमात एका माणसाचं दिवसाला दीड घनमीटरच्या आसपास होतं, म्हणजे १२० मजूरदिवस. एवढ्यासाठी रोजगार हमीतून मागणी करणं शहाणपणाचं. मध्यम उतारावर जेसीबी चालतो, पण चालक सरळ रेषेत खोदत जातो. समपातळीची फक्कीने आखलेली रेषा वळली तिथे बकेट वळली पाहिजे, म्हणून यंत्राबरोबर रेषा जाणणारा माणूस दिवसभर हवा. काळ्या भारी जमिनीत आणि उघड्या खडकावर चर काढू नयेत.

झाडं कोणती लावावीत? वनविभागाच्या रोपवाटिकेत जे मिळेल तेच आम्ही आणतो. (करमाळा, सोलापूर)

तुमच्या भागात आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: तिथे झाडं लावावीत का? सोलापूर-नगर-पुणे पट्ट्यातले सगळेच माळ उजाड झालेली जंगलं नाहीत. पुष्कळसे मुळातच गवताळ आहेत. लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक, माळटिटवी या पक्ष्यांचं ते घर. पावसाळ्यानंतर मारवेल, पवना, डोंगरी किंवा कुसळीचं गवत सलग उभं राहत असेल, मुरूम उघडा पडलेला नसेल, तर तिथे चार-चार मीटरवर खड्डे खोदणं म्हणजे चांगला माळ मोडणं. त्याला विश्रांती द्या आणि वेळेवर कापा. झाडं ओढ्याकाठी, बांधावर, देवळाच्या परिसरात आणि खरोखर झिजलेल्या उतारावर लावा.

झिजलेल्या मुरमाड उतारावर करंज, बोर, बाभूळ, हिवर, खैर, आपटा, सीताफळ, कडुनिंब. थोडी माती असेल तिथे चिंच, भोकर, शिवण, बेहडा. ओढ्याकाठी अर्जुन, उंबर, जांभूळ. करंज आणि सीताफळाला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून कडेच्या ओळी त्यांच्या ठेवा. त्याबाहेर निरगुडीच्या फांद्या, घायपात किंवा सागरगोटा लावला की तीन-चार वर्षांत जिवंत कुंपण होतं. तोवर बोराटी-बाभळीच्या काट्यांची वई.

निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, काशीद रोपवाटिकेत मुबलक मिळतात आणि लवकर वाढतात. पण गुरं पाला खात नाहीत, खाली गवत धड येत नाही आणि चराऊ जमिनीचं कामच निघून जातं. सुबाभूळ चाऱ्याला चांगली, पण शेंगा पक्व होऊ दिल्या तर गायरानभर तीच दिसते. वेडी बाभूळ आधीच असेल तर नुसती तोडू नका. जमिनीखाली वीतभर उकरून कुऱ्हाड घाला आणि बुंधा गड्ड्यासकट काढा, नाहीतर एकाच्या जागी दहा फुटवे येतात.

अंतर ५ × ५ मीटर घेतलं तर हेक्टरी ४०० झाडं, ४ × ४ ला ६२५. चराऊ जमिनीला ४०० पुष्कळ झाली, कारण मधल्या गवताला ऊन लागतं. चराच्या मातीच्या ढिगावर पहिल्या पावसात मारवेल आणि स्टायलो या चारापिकाचं बी फोकून द्या. ढीगही धरला जातो.

बीजगोळे (मातीत बी घालून वळलेले गोळे) टाकून काम भागेल का? (वणी, यवतमाळ)

शाळेच्या सहलीसाठी ठीक. मोकळ्या चराईच्या कठीण जमिनीवर पडलेला गोळा फुटतो, अंकुर येतो आणि मुळाला आत शिरायला जागा नसल्याने सप्टेंबरात वाळतो. तेच बी चराच्या मोकळ्या मातीत दोन बोटं खोल टोकलं तर कितीतरी जास्त उगवतं. निंबोळी ताजीच हवी: गर काढून, सावलीत सुकवून दोन आठवड्यांत पेरा. त्यानंतर तिची उगवण झपाट्याने घसरते. पळसाचं बीही पडल्यावर लगेच. बाभळीच्या बियांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवा. किंवा शेळ्यांच्या वाड्यातल्या लेंड्यांमधून वेचा, तिथे ते काम झालेलंच असतं.

आम्ही गावचे मुंबईकर. मंडळातर्फे यंदा गावाला ५,००० रोपं द्यायचं ठरलं आहे. मियावाकी पद्धतीने लावली तर लवकर जंगल होईल असं ऐकलं. (परळ, मुंबई)

मियावाकीत चौरस मीटरला तीन-चार रोपं, म्हणजे हेक्टरी ३० ते ४० हजार. दोन-तीन वर्षं पाणी, आच्छादन आणि भरपूर खत मिळणाऱ्या छोट्या शहरी भूखंडाला ते जमतं. माळरानाच्या गायरानाला पेलणार नाही, आणि गुरांना त्यात शिरताही येणार नाही.

५,००० रोपांचा हिशेब करून बघा. रोपाला एका वेळी १० लिटर म्हणजे एका फेरीला ५०,००० लिटर, पाच हजार लिटरचे दहा टँकर. नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी, म्हणजे १४ फेऱ्या आणि १४० टँकर, तेही फक्त पहिल्या वर्षाचे. मंडळाने ५०० रोपं द्यावीत आणि उरलेले पैसे तीन वर्षं राखणदाराच्या पगाराला आणि पाण्याला दर तिमाहीला पाठवावेत. पैसे एकरकमी दिले की पहिल्या वर्षीच संपतात. पाणी टाकताना वरून शिंपडू नका. रोपाच्या शेजारी तळाला बारीक छिद्र असलेलं, त्यात वात घातलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरून ते भरा. बुंध्याभोवती हातभर वर्तुळात चपटे दगड मांडा. मुरमाड माळावर दगड फुकट मिळतात आणि पाचटासारखी त्यांना वाळवी लागत नाही.

रोप लावायची बरोबर पद्धत सांगा. दरवर्षी श्रमदानात शंभर माणसं येतात, शंभर तऱ्हांनी लावतात. (पारनेर, अहिल्यानगर)

खड्डे एप्रिल-मे मध्येच, ४५ × ४५ × ४५ सेंमी. मुरूम कठीण असेल तर ६०. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती तळाला जाते, तिच्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. उरलेल्या मुरमाचं खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती आळं.

श्रमदानात काम वाटून द्या. रोप वाहणारे वेगळे, पिशवी कापणारे चार-पाचच. पिशवी हातात आडवी धरून तळ अर्धा इंच कापायचा, त्याबरोबर तळाला गुंडाळलेली मुळंही जातात. मग बाजूला उभी चीर. माती फुटू न देता गोळा खड्ड्यात ठेवायचा आणि प्लास्टिक गोणीत. संध्याकाळी रिकाम्या पिशव्या मोजा. रोपांपेक्षा कमी भरल्या, तर तेवढी रोपं पिशवीसकट पुरली गेली आहेत. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती जागा, जमिनीच्या पातळीला हवी. खोल गाडलं तर खोड कुजतं, उंच राहिलं तर मूळ उघडं पडतं. शेवटी टाचेने माती दाबून घ्या. दोन बोटांनी रोप वर ओढल्यावर हललं नाही, म्हणजे बसलं.

रोप चार फुटांचं, काडीसारखं बारीक, काठीला बांधून उभं केलेलं असेल तर परत करा. दीड-दोन फुटांचं, बुंध्याला जाड आणि उन्हात ठेवून काटक झालेलं रोप कोरडवाहूत जास्त जगतं. ऑक्टोबरअखेर दर दहावी ओळ मोजून जगलेल्यांची टक्केवारी काढा आणि पुन्हा जूनमध्ये. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, पुढच्या जुलैत भरायच्या.

गवत चांगलं वाढलं, पण मार्चमध्ये कोणीतरी पेटवून दिलं. (कारंजा, वाशिम)

न कापलेलं गवत हाच सरपणाचा ढीग. बी पडल्यावर, दिवाळीनंतर लगेच कापणी सुरू करा आणि चार बोटं धस (कापलेल्या गवताचं बूड) ठेवा. त्याहून खाली कापलं तर पुढच्या वर्षीचा फुटवा कमजोर येतो. पानकळा संपला की रस्त्याकडेने आणि शेताच्या हद्दीने किमान तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत नसलेला पट्टा, स्वच्छ करा. होळीच्या आत ती पुन्हा झाडून काढा, कारण तोवर पळसाची पानं तिच्यावर पडलेली असतात. जाळल्याने गवत जोमाने येतं असं मानणारे गावात असतातच. त्यांना जळलेल्या आणि कापलेल्या पट्ट्याचं पहिल्या पावसानंतरचं वाहतं पाणी दोन बाटल्यांत भरून दाखवा. माती कुठून वाहून जाते, ते लगेच दिसतं.

जळालेल्या रोपांचं म्हणाल तर लगेच उपटू नका. खोडाची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं, तर जमिनीलगत धारदार कात्रीने छाटून आळ्यात पाणी द्या. करंज, पळस, बोर जूनपर्यंत बुडातून फुटतात. जुलै उजाडल्यावरही फुटवा नसेल, तरच त्या जागी नवं रोप.